परदेशी व्यवहाराच्या नोंदी कशा वाचाव्यात
आमच्याकडे हिशेब लिहायला देणाऱ्या ग्राहकांसाठी

परदेशी विक्रेत्याला कार्डाने पैसे दिले की स्टेटमेंटवर पुष्कळदा एकाऐवजी दोन-तीन नोंदी उमटतात. "हे वरचे पैसे कसले कापले?" अशी विचारणा मग आमच्याकडे येते. बहुतेक वेळा त्या नोंदी एकाच खरेदीच्या निघतात.

रकमेशेजारची तीन अक्षरे चलन सांगतात. पहिली दोन सहसा देशाची, तिसरे चलनाचे: यूएसडी म्हणजे अमेरिकी डॉलर, जेपीवाय म्हणजे जपानी येन. काही ठिकाणी अक्षरांऐवजी आकडे छापतात. डॉलर 840, युरो 978, पौंड 826. ही रक्कम नव्हे! चार आकडी कोड दिसला तर तो विक्रेत्याच्या धंद्याचा असतो: 5812 उपाहारगृह, 6011 एटीएममधून काढलेली रोकड. क्रेडिट कार्डावर 6011 असेल तर सावध व्हा, कारण अशा रोख उचलीवर सहसा पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

आता शुल्क. फॉरिन ट्रान्झॅक्शन फी, क्रॉस बॉर्डर फी, मार्कअप अशी नावे वेगवेगळी असतात. ते बहुधा रकमेच्या टक्क्यांत लागते, काही कार्डांवर अजिबात लागत नाही. कधी स्वतंत्र नोंद नसते, बँकेने ते विनिमय दरातच मिसळलेले असते. ते शोधायला खात्यातून गेलेल्या रकमेला परदेशी रकमेने भागा आणि येणारा दर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या संकेतस्थळावरच्या दराशी ताडून पाहा. मात्र तारीख जपून निवडा. खरेदीचा दिवस आणि खात्यात नोंद झाल्याचा दिवस वेगळे असू शकतात, दरही त्याप्रमाणे बदलतो.

खरी गळती वेगळीच असते आणि ती स्टेटमेंटवर शुल्क म्हणून दिसतही नाही. परदेशात कार्ड लावल्यावर यंत्र विचारते: तुमच्या चलनात की इथल्या चलनात? आपले चलन निवडले की दर तुमची बँक नव्हे, विक्रेत्याच्या बाजूची कंपनी ठरवते आणि त्यात आपला नफा धरते. शिवाय विक्रेता परदेशी असल्याने काही बँका त्यावरही शुल्क लावतात. आमचे मत स्पष्ट आहे: तिथले स्थानिक चलनच निवडा. घरबसल्या आपल्याच चलनात केलेल्या ऑनलाइन खरेदीवरही असे शुल्क लागू शकते, कारण विक्रेत्याची नोंदणी बाहेरची असते.

परत आलेले पैसे जसेच्या तसे येतील असे समजू नका. परताव्याला त्या वेळचा दर लागतो आणि कापलेले शुल्क बँक परत देईलच असे नाही. आमच्या खतावणीत हा फरक विनिमयातील नफा-तोटा म्हणून वेगळा जातो. म्हणून स्टेटमेंटसोबत मूळ बिल आणि यंत्राची पावती दोन्ही पाठवा. विक्रेत्याचे नाव अनोळखी असेल तर आधी बिलावरचे नोंदणीकृत नाव पाहा. तरीही नोंद जुळली नाही तर आमच्या उत्तराची वाट न पाहता लगेच बँकेला कळवा, कारण तक्रारीची मुदत बँकेची असते.