वेगळं दिसणारं नाणं: टाकसाळीची चूक की नंतरची मोडतोड?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात जवळजवळ रोज कुणीतरी रुमालाच्या गाठीतून नाहीतर औषधाच्या रिकाम्या डबीतून एक नाणं काढून समोर ठेवतं आणि विचारतं, "असं कुठे पाहिलंय का हो?" बहुतेक वेळा पाहिलेलं असतं. म्हणून हे पत्रक. घरचं भिंग आणि छोटा डिजिटल काटा असेल, तर निम्मं काम तुमचं तुम्हीच करू शकता.

आधी नाणं घडतं कसं ते बघा. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची किनार थोडी उचलून घेतात. मग चकती एका कड्यात बसते आणि नक्षी कोरलेल्या वरच्या-खालच्या ठशांमध्ये दाबली जाते. दोन्ही बाजू एकदमच उमटतात. चूक व्हायची ती चकतीत, ठशात किंवा दाबताना. आम्ही नाणं हातात घेतल्यावर एवढंच शोधतो: हे यातल्या कुठल्या पायरीवर झालं असेल? पायरी सापडली नाही, तर ते बाजारात, खिशात नाहीतर कुणाच्या तरी कारखान्यात झालेलं असतं.

सगळ्यात सोपी परीक्षा रेघेची. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणजे नाण्यावर ती रेघ उठावाची येते. नंतरचा ओरखडा खोल जातो आणि त्याच्या दोन्ही कडांना धातू सरकून वर आलेला दिसतो. नख फिरवलं तरी फरक कळतो. एखादं अक्षर किंवा सालातला आकडा गायब असेल, तर आजूबाजूला बघा. तिथली नक्षी ठसठशीत असेल तर ठशात ग्रीस किंवा कचरा भरला असावा. सगळंच गुळगुळीत असेल तर ती नुसती झीज.

कडेचा तुकडा गेलेलं नाणं आलं की आम्ही तुकड्याकडे नाही, त्याच्या बरोब्बर समोरच्या कडेकडे बघतो. पट्टीतल्या आधीच्या भोकावर चढून कापलेल्या चकतीला किनार उचलताना समोरून पुरता दाब मिळत नाही, त्यामुळे तिथली किनार बहुधा पुसट येते. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची किनार ठणठणीत असते. शिवाय कानशीच्या रेघा भिंगातून लपत नाहीत.

आता 'लाखी', म्हणजे एका बाजूला उलटी छाप बसलेलं नाणं. जुन्या मंडळींचा जीव यात अडकलेला असतो, आणि बनवाबनवीही यातच जास्त. आधीचं नाणं एका ठशाला चिकटून राहतं, पुढची चकती त्यावर दाबली जाते, आणि ठशाऐवजी त्या नाण्याची उलटी, खोलगट छाप बसते. खऱ्या लाखीत एका बाजूला सिंह उठावाचे, तर दुसऱ्या बाजूला तेच सिंह आरशातल्यासारखे, आत गेलेले. नकली बनवायला दोन नाणी व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) धरून आवळतात. उलटी छाप त्यातही येते, पण तिच्याखाली मूळचा आकडा चेपलेल्या अवस्थेत डोकावतो आणि पाठीमागची बाजूही दबलेली असते. एका आजोबांनी चाळीस वर्षं देवघरात ठेवलेलं असंच एक नाणं आणलं होतं. सांगताना आमचंच तोंड उतरलं.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधला भाग तिरपा किंवा फिरलेला असेल, तर सांध्यावर ठोकल्याच्या खुणा शोधा. तो भाग काढून परत बसवणं अवघड नाही.

रंग बदललेली नाणी आमच्याकडे पोत्याने येतात, कारण आपल्याकडे खाडी आहे. वाशीच्या पुलावरून गाडी जाताना लोक नाणी टाकतात. खाऱ्या चिखलात राहिलेल्या पितळी पाच रुपयांतलं जस्त आधी निघून जातं आणि नाणं तांबूस दिसतं. 'चुकीच्या धातूचं' म्हणून ते आणू नका. सोनेरी रुपया हा तर निव्वळ मुलामा. रुळावर ठेवून चपटं केलेलंही लगेच ओळखू येतं (ठाण्यात १८५३ पासून गाडी येते, तेव्हा हा खेळही जुनाच असणार). कड्याशिवाय दाबलेलं अस्सल नाणंसुद्धा पसरतं, पण त्याची नक्षी स्पष्ट राहते. रुळावर चेपलेल्याची अक्षरंच ताणलेली असतात.

काट्यावर ठेवताना हे आकडे जवळ असू द्या: जुनं जाड, तांबे-निकेलचं पाच रुपयांचं ९ ग्रॅम, नंतरचं पितळी (२०१९ च्या आधीचं) ६ ग्रॅम, दहाचं ७.७१ ग्रॅम, २०११ ते २०१८ मधला छोटा रुपया ३.७९ ग्रॅम. थोडा फरक झिजेचा असतो, अर्ध्या ग्रॅमचा नाही.

काही गोष्टी मुळात चूकच नाहीत. सालाखालची खूण टाकसाळ सांगते: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूण नसते. दहाच्या नाण्यावर रेषा दहा की पंधरा, ₹ आहे की नाही, हे फक्त वेगवेगळे नमुने. त्या नाण्याचे १४ नमुने चलनात वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात असं कुणी फोनवर सांगून आधी 'नोंदणी फी' मागत असेल, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन उकळणाऱ्या अशा लोकांबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिलाय.

येताना नाणं आहे तसं आणा. चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका. अस्सल चुकीचं नाणंसुद्धा घासलं की आम्ही निम्म्या भावाने घेतो, आणि तेही नाखुशीने. फोटोवरून भाव सांगत नाही. तपासायचे पैसे घेत नाही. संध्याकाळी स्टेशनकडची गर्दी दुकानात शिरते, तेव्हा शक्यतो सकाळी या.