मेरियन अँडरसन

(२७ फेब्रुवारी १८९७ – ८ एप्रिल १९९३). कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका. जन्म फिलाडेल्फिया येथे. आवाजाची जात काँट्राल्टो, म्हणजे स्त्रीकंठाचा सर्वांत खालचा, भरदार प्रकार. ऑपेरा गायिकांमध्ये त्यांचे नाव हमखास घेतले जाते. प्रत्यक्षात ऑपेराच्या रंगमंचावर त्यांनी एकच भूमिका केली, तीही वयाच्या ५७ व्या वर्षी. कारकीर्द उभी राहिली ती मैफलींवर.

लहानपणापासून त्या चर्चच्या गायनवृंदात गात. शहरातल्या एका संगीतशाळेने वर्णामुळे प्रवेश नाकारला, तेव्हा चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढून गायनशिक्षक ज्युसेप्पे बोगेत्ती यांच्याकडे त्यांच्या तालमीची सोय केली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधली मैफल पडली. श्रोते थोडे होते, आणि जर्मन गीतांतले कच्चेपण समीक्षकांनी नेमके पकडले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची स्पर्धा जिंकूनही अमेरिकेत फारसे काही हाती लागेना. मग युरोप गाठला, जर्मन पक्की केली. फिनिश पियानोवादक कोस्ती वेहानेन यांच्या साथीने स्कँडिनेव्हियातले दौरे कमालीचे गाजले. १९३५ मध्ये साल्झबुर्ग येथे त्यांचे गाणे ऐकून असा आवाज शतकातून एकदाच कानी पडतो, असे विख्यात इटालियन वाद्यवृंदसंचालक तोस्कानिनी म्हणाले. त्याच डिसेंबरात त्या पुन्हा टाउन हॉलमध्ये गायल्या, प्लास्टरमधला पाय लांब झग्याखाली झाकून. मैफलीत शूबर्ट, ब्राम्स या संगीतकारांची गीते आणि शेवटाला कृष्णवर्णीयांची भक्तिगीते म्हणजे स्पिरिच्युअल्स, हा त्यांचा ठरलेला क्रम.

१९३९ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या अमेरिकन स्वातंत्र्ययोद्ध्यांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेने वॉशिंग्टनमधले आपले सभागृह वर्णामुळे त्यांना नाकारले. निषेध म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेचे सदस्यत्व सोडले. ९ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५,००० श्रोत्यांपुढे त्या गायल्या. पुढे याच प्रसंगाने त्यांची गायकी झाकोळली गेली, हे मात्र त्यांच्यावर अन्यायाचेच.

७ जानेवारी १९५५ रोजी व्हेर्दीच्या ‘उन बाल्लो इन मास्केरा’ या ऑपेरामधील भविष्यवेत्ती उल्रिका ही भूमिका करून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात एकल भूमिका गाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या. तोवर आवाज उतरणीला लागला होता. १९५७ च्या आशिया दौऱ्यात त्या भारतातही आल्या होत्या. १९६५ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी निरोपाची मैफल केली. निधन पोर्टलंड (ऑरेगन) येथे, वाद्यवृंदसंचालक भाचे जेम्स डीप्रीस्ट यांच्या घरी झाले.