‘येतं’ म्हणजे नेमकं किती येतं?

ट्यूटोरियलमध्ये बघून कोड टाइप केला आणि तो चालला, की आपल्याला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येतं असं वाटायला लागतं. ही फसगत जुनीच आहे. १९९९ साली डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या तर्क, व्याकरण वगैरे चाचण्या घेतल्या. तळाच्या चौथाईतले विद्यार्थी सरासरी १२व्या पर्सेंटाइलला होते (म्हणजे शंभरातले जेमतेम १२ जण त्यांच्या मागे), पण स्वतःला ६२व्याच्या आसपास समजत होते. (यातला काही भाग निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे, हा आक्षेपही रास्त.) स्वतःच्या स्वतः शिकणाऱ्याला तर कोड तपासून चुका दाखवणारा वरिष्ठही नसतो. तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा काम घेऊन बसावं.

एक्सेलमध्ये ठिकाण, तारीख, रक्कम अशा तीन रकान्यांत खर्च लिहा आणि फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह करा (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी मजकूर फाइल). मग रिकाम्या फाइलपासून सुरुवात करून ठिकाणवार बेरीज देणारा प्रोग्रॅम लिहा. वेळ ९० मिनिटं. अधिकृत डॉक्युमेंटेशन चालेल. ट्यूटोरियल आणि एआय बंद.

एका ओळीत ठिकाण मुद्दाम ‘कोथरूड, पुणे’ असं ठेवा. स्वल्पविरामावर ओळ तोडणारा कोड इथेच आपटतो, कारण तिसऱ्या तुकड्यात रकमेऐवजी तारीख येते. त्यासाठी पायथॉनचं सीएसव्ही मॉड्यूल, म्हणजे अशा फाइली वाचणारा तयार कोड, वापरावं लागतं. पण तेवढ्याने सुटका नाही. ‘ठिकाण’ हा रकाना डोळ्यांसमोर दिसत असूनही त्या नावाने वाचायला जाताच की-एरर (‘असं नाव सापडत नाही’ ही चूक) येते. एक्सेलने फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचं न दिसणारं चिन्ह टाकलेलं असतं आणि ते पहिल्या शीर्षकाला चिकटतं. शीर्षकांची यादी प्रिंट केली की ‘ठिकाण’च्या आधी ते उघडं पडतं. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की काम झालं. स्वल्पविरामासह सेव्ह झालेली ‘१,२५०’ ही रक्कमही अशीच अडवते.

प्रोग्रॅम चालला का, यापेक्षा अडल्यावर काय केलंत ते लिहून ठेवा. एररची शेवटची ओळ वाचली आणि संशयित व्हेरिएबल प्रिंट करून पाहिलं, तर पाया बरा आहे. कोड इकडेतिकडे हलवत तो चालायची वाट पाहिली असेल, तर डीबगिंग, म्हणजे चूक शोधून दुरुस्त करणं, शिकायचं राहिलंय. तसं असेल तर नवं फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) शिकणं तूर्त बाजूला ठेवा.

आठवड्याने जुना कोड न बघता हेच पुन्हा लिहा. महिन्याने त्याच जुन्या कोडमध्ये महिनावार बेरीज घाला. आपलाच कोड समजायला अर्धा तास लागला, तर व्हेरिएबलची नावं आणि फंक्शनची विभागणी कुठे फसली ते तिथेच दिसतं.