पूरक पुस्तिकेचे परीक्षण

अद्भुतरम्य कादंबरीमालेतली पात्रे जे पुस्तक वापरतात, तेच खऱ्या वाचकाच्या हाती आले आहे असे भासवून लिहिलेल्या छोट्या पुस्तकाला पूरक पुस्तिका म्हणता येईल. ते कधी शाळेचे क्रमिक पुस्तक असते, कधी खेळाचा इतिहास, तर कधी आजीने सांगाव्यात तशा गोष्टींचा संग्रह. त्यात कथानक पुढे सरकत नाही. म्हणून कादंबरीची फुटपट्टी इथे चालत नाही. ‘यात गोष्टच नाही’ ही तक्रार पंचांगात नायक शोधण्यासारखी आहे. परीक्षकाने पाहायचे ते एवढेच, की ही वस्तू त्या जगातून आल्यासारखी वाटते का, आणि पहिले पान ते शेवटचे पान हे सोंग टिकते का.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतल्या ‘फँटॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम’ आणि ‘क्विडिच थ्रू द एजेस’ या मार्च 2001 मध्ये आलेल्या दोन पुस्तिका. मुखपृष्ठावर लेखक म्हणून न्यूट स्कॅमँडर आणि केनिलवर्दी व्हिस्प ही मालिकेच्या जगातलीच नावे होती. विक्रीचे पैसे ‘कॉमिक रिलीफ’ या धर्मादाय संस्थेला गेले. हेतू चांगला आहे म्हणून परीक्षकाने हात आखडता घेण्याची मात्र गरज नाही. या पुस्तिका स्वतःच्या बळावर उभ्या राहतात.

पहिल्या पुस्तिकेत 75 जादुई प्राण्यांच्या नोंदी आहेत आणि प्रत्येकीपुढे धोक्याच्या प्रमाणात फुल्या. सर्वांत भयंकर प्राण्याला पाच. ॲक्रोमँटुला या राक्षसी कोळ्याच्या नोंदीत मात्र छापील पाच फुल्यांपुढे कुणीतरी हाताने आणखी फुल्या ओढल्या आहेत. मालिकेचा दुसरा भाग वाचलेल्याला त्या कुणाच्या, हे सांगावे लागत नाही. कोळ्यांना घाबरणारा हॅरीचा मित्र रॉन जंगलात त्यांच्या घोळक्यातून कसाबसा सुटला होता. प्रत हॅरीची, पण रॉनचे पुस्तक फाटल्यामुळे दोघांत एकच. त्यामुळे समासभर दोघांची खरड आहे, मध्येच त्यांच्या मैत्रिणीची, हर्मायनीचीही. मित्राच्या जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेल्या प्रत्येकाला हा समास आपला वाटेल. पुस्तिकेचा जीव नोंदींइतकाच या समासात आहे, आणि परीक्षणात त्याचा उल्लेख नसेल तर ते अपुरे आहे.

क्विडिच हा झाडूवर बसून हवेत खेळायचा खेळ, आणि ‘क्विडिच’ ही हॅरीच्या हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या ग्रंथालयातली प्रत. सुरुवातीलाच पुस्तक नेणाऱ्यांची नावे आणि परतीच्या तारखा आहेत, शिवाय पुस्तक खराब करणाऱ्यांना ग्रंथपालबाईंची तंबी. कोल्हापुरासारख्या, करवीर नगर वाचन मंदिर या 1850 पासूनच्या ग्रंथालयाच्या गावात हे पान वेगळे समजावून सांगायला नको. तारखांचे शिक्के पडलेली चिठ्ठी आणि आपल्या आधी पुस्तक कोणी नेले याची उत्सुकता इथल्या वाचकाच्या ओळखीची आहे. पुढचा खेळाचा इतिहासही कोल्हापुरात जास्त लागू पडतो. क्विडिचमध्ये 700 फाउल आहेत आणि 1473 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ते सगळेच्या सगळे घडले, असे पुस्तिका गंभीरपणे सांगते. डावपेचांना स्वतंत्र नावे आहेत. ढाक, कलाजंग, धोबीपछाड ही नावे तालमीच्या दारातून ऐकत वाढलेल्या माणसाला पटते की नाव पडल्याशिवाय डाव डाव होत नाही. रॉनचा लाडका चडली कॅनन्स हा संघ 1892 नंतर लीग जिंकलेलाच नाही. ‘आम्ही जिंकणार’ हे ब्रीद त्याने 1972 मध्ये बदलले आणि ‘बरे व्हावे एवढीच आशा’ अशा अर्थाचे घेतले. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्याला त्या एका ओळीत सगळा समर्थकवर्ग दिसेल. इथल्या परीक्षकाने ही तुलना निःसंकोच करावी. नुसते ‘नादखुळा’ म्हणून थांबण्यापेक्षा वाचकाला त्यातून जास्त कळते.

‘द टेल्स ऑफ बीडल द बार्ड’ची जात वेगळी. रोलिंग यांनी आधी या पुस्तिकेच्या सात हस्तलिखित प्रती केल्या. त्यांपैकी एक डिसेंबर 2007 मध्ये लिलावात 19 लाख 50 हजार पौंडांना गेली, आणि सर्वांसाठीची आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली. गोष्टी पाच. त्यांतली तीन भावांची गोष्ट मालिकेच्या सातव्या भागात आधीच आलेली आहे, हे परीक्षणात सांगायलाच हवे, कारण विकत घेणाऱ्याला नव्या गोष्टी चारच मिळतात. प्रत्येक गोष्टीमागे हॉगवर्ट्सचा मुख्याध्यापक डंबलडोर याचे भाष्य आहे आणि काही ठिकाणी ते गोष्टीपेक्षा सरस उतरले आहे. मालिका न वाचलेल्या मुलाच्या हाती तिघींपैकी एकच द्यायची तर हीच द्यावी. उरलेल्या दोघींची निम्मी गंमत त्याच्या हातून निसटेल.

परीक्षणात आवृत्तीचे साल देणे आवश्यक ठरते. ‘फँटॅस्टिक बीस्ट्स’च्या 2017 च्या आवृत्तीत सहा प्राणी वाढले आणि न्यूटची नवी प्रस्तावना आली, पण डंबलडोरची प्रस्तावना आणि मुलांची खरड गेली. माहिती वाढली आणि हॅरीची प्रत हरवली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन्ही दिसल्या, तर ॲक्रोमँटुलाचे पान उघडून फुल्या मोजाव्यात.