‘फिसरख्त’ : कुतूहलाच्या आयरिश शब्दाची पार्श्वभूमी

आयरिश भाषेत कुतूहलाला ‘फिसरख्त’ म्हणतात. गाभ्याचा शब्द ‘फिस’, म्हणजे ज्ञान किंवा माहिती. त्यावरून ‘फिसरख’ म्हणजे चौकस, आणि पुढे भाववाचक ‘अख्त’. ‘फिस’चं मूळ संस्कृत ‘विद्’शी सख्खं आहे. आयरिशमध्ये शब्दारंभीच्या ‘व’चा ‘फ’ झाला. ‘वीर’चा तिकडचा भाऊबंद ‘फॅर’ (पुरुष) हाही असाच. प्राचीन आयरिशमधलं ‘जाणतो’ हे क्रियापद रूपाने भूतकाळी आणि अर्थाने वर्तमानकाळी आहे, अगदी संस्कृत ‘वेद’सारखं. आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताच्या बोलीत त्याचा अवशेष ‘नी अदर’ अजून रोज ऐकू येतो. मूळ अर्थ ‘मला ठाऊक नाही’, पण बोलताना भाव ‘कोण जाणे’चा.

खरा गुंता जुन्या हस्तलिखितांत आहे. ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिनमधून ‘फीश’ हा शब्द आला : दृष्टान्त, साक्षात्कार. जुन्या लेखनात ज्ञानाचा ‘फिस’ आणि दृष्टान्ताचा ‘फीश’ यांच्यात फरक फक्त स्वरावरच्या दीर्घचिन्हाचा, आणि लेखनिक ते चिन्ह पुष्कळदा देतच नसत. त्यामुळे द्रष्ट्यांच्या कथांमध्ये माणसाला ज्ञान झालं की दृश्य दिसलं, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. शिवाय लॅटिन शब्दाचं मूळही ‘विद्’च्याच कुळातलं, म्हणजे एकाच घराण्याचा शब्द दोन वाटांनी आयर्लंडला पोचला. दोघांना एकच मानायचा मोह त्यामुळे होतो, पण तो टाळायला हवा. ‘फिस’ हा देशी वारसा आहे, ‘फीश’ उसना. आजच्या लेखनात दोन्ही वेगळे दिसतात, हे फार बरं झालं. ‘फीश’वरून व्हिडिओसाठी ‘फीशान’ हा शब्द घडवला गेला आणि तो रुळलाही.

इंग्रजीतला कुतूहलाचा शब्द लॅटिन ‘कूरा’वरून (काळजी) आला. आयरिशनेही ‘कूरा’ घेतला, पण तो ‘कूरम’ होऊन काळजी आणि जबाबदारी एवढ्यापुरताच राहिला. कुतूहलाचं नातं तिथे ज्ञानाशीच टिकलं.

१९४० च्या दशकातल्या लेखनसुधारणेत ‘फिस’च्या कुळातल्या शब्दांमधली मूक अक्षरं गळाली; १९५८ मध्ये प्रमाण व्याकरण आणि लेखनाचे नियम जाहीर झाले. जुन्या रूपाचे चाहते आजही त्यावर नाराज आहेत. मात्र या कुळातला सार्वजनिक जीवनात गाजलेला शब्द ‘फिसरूखान’, म्हणजे चौकशी. १९९७ साली नेमलेल्या दोन चौकशी न्यायाधिकरणांचे अंतिम अहवाल २०११ आणि २०१२ मध्ये आले. राजकारण्यांच्या पैशांच्या व्यवहारांवरच्या त्या चौकश्यांच्या अधिकृत आयरिश नावात हाच शब्द होता.