साधं, 95 की 100?

100 ऑक्टेनच्या एका लिटर पेट्रोलमध्ये 91 ऑक्टेनच्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा नसते. तरीही नवी गाडी घेतली की किंवा लांबच्या प्रवासाला निघताना अनेक जण हौसेनं जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरतात आणि गाडीचा पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल अशी आशा करतात. काही गाड्यांत तसं खरोखर होतं, पण बहुतेक गाड्यांत होत नाही. कोणत्या गाडीत काय होणार, हे इंजिनाच्या रचनेवर ठरतं.

सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण पिस्टन वर येताना दाबतो. दाबलं की ते तापतं. स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत प्लगपासून कडेकडे पसरू लागते. हे सगळं काही हजारांश सेकंदांत उरकतं, पण एकदम नाही. ज्योत पुढे सरकत असताना कडेला उरलेलं, अजून न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ज्योत पोचेपर्यंत त्यानं तग धरला तर ठीक. नाही धरला, तर ते जागच्या जागी, स्वतःहून पेटतं. मग दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. एरवी धातूलगत वायूचा एक पातळ, थोडा थंड थर असतो, तो पिस्टनला ज्योतीच्या उष्णतेपासून वाचवतो. नॉकिंगच्या लाटा हा थर उधळून टाकतात. जोराचं नॉकिंग बराच काळ चाललं तर पिस्टनला खड्डे पडतात, रिंगा तुटतात.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे हा तग धरण्याची क्षमता. त्याचं मूळ रेणूच्या आकारात आहे. हेप्टेनमध्ये कार्बनचे सात अणू एका सरळ साखळीत असतात. अशी साखळी उष्णतेत आणि ऑक्सिजनच्या सहवासात सहज मोडू लागते, मधल्या टप्प्यावर पेरॉक्साइडं तयार होतात आणि तीच पुढचा भडका घडवतात. आयसो-ऑक्टेनच्या रेणूला मात्र भरपूर फांद्या असतात आणि त्याचे बरेचसे हायड्रोजन टोकांच्या गटांत घट्ट धरलेले असतात, त्यामुळे ही साखळी-अभिक्रिया सुरूच व्हायला वेळ लागतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी 1926 च्या सुमारास या दोघांची मोजपट्टी केली: हेप्टेनला 0, आयसो-ऑक्टेनला 100. शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या पाइन वृक्षाच्या राळेतून मिळे. पेट्रोल 91 ऑक्टेनचं आहे याचा अर्थ त्यात 91 टक्के आयसो-ऑक्टेन आहे असा नाही. चाचणीच्या एका ठरावीक इंजिनात ते 91 भाग आयसो-ऑक्टेन आणि 9 भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकाच तग धरतं, एवढाच अर्थ.

तग वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना सापडला. तो म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं शिशाचं एक संयुग, टेट्राएथिल लेड. त्या शिशानं पुढच्या कित्येक दशकांत जगभरातल्या मुलांच्या रक्तात आणि मेंदूत जे केलं, ते इंधनाच्या इतिहासातलं सर्वांत काळं पान आहे असं मला वाटतं. भारतात शिशाचं पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते 2021 पर्यंत विकलं जात होतं.

आता गाडीकडे. पिस्टन मिश्रण किती पटींनी दाबतो, त्याला कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. हा जितका जास्त, तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं, पण नॉकिंगचा धोकाही वाढतो. टर्बो लावला की आत शिरणारी हवाच आधी दाबलेली असते, धोका आणखी वाढतो. म्हणून जास्त ऑक्टेनची खरी गरज टर्बो-पेट्रोल, उंच कॉम्प्रेशनच्या आणि काही स्पोर्ट्स गाड्यांना असते. अशा गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाच्या आत 'किमान 95' असं लिहिलेलं असलं, तर ते पाळावं. 91 टाकल्यावर गाडी लगेच बिघडणार नाही, कारण इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. तो कंप ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घटतात. इथे 95 चे पैसे वसूल होतात.

साध्या इंजिनाला मात्र तग धरण्याची ती जास्तीची क्षमता वापरताच येत नाही. 91 वर जे इंजिन नॉकच करत नाही, त्याला 100 देऊन ईसीयू ठिणगी फार तर कंपनीनं आखलेल्या मर्यादेपर्यंतच लवकर पाडू शकतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं 2016 मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांवर चाचण्या केल्या. प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून ताकद, ॲव्हरेज किंवा प्रदूषण यांत दखलपात्र फरक पडला नाही. भारतात 2020 च्या डिसेंबरमध्ये 100 ऑक्टेनचं पेट्रोल आलं तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला 160 रुपये होता. साध्या हॅचबॅकमध्ये तो पैसा केवळ धुरावाटे जातो.

प्रीमियमच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, ही गल्लत मला महत्त्वाची वाटते. एक ऑक्टेन, दुसरी इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी रसायनं. ही रसायनं उपयोगी असू शकतात, पण ती ऑक्टेन वाढवत नाहीत.

त्यात आता इथेनॉल आलं आहे, आणि हा विषय ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राच्या अगदी जवळचा. इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या आसपास असतो. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता शोषून घेतं, म्हणजे मिश्रण थंड ठेवतं. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं की 20 टक्के इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन 91 वरून 95 वर गेला आहे. तसं असेल तर फक्त आकड्यासाठी 95 चं प्रीमियम घेण्याला फारसा अर्थ उरत नाही. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात, मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवून 10 टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज 20 टक्क्यांच्या मिश्रणावर सहा-सात टक्के घटेल असा अंदाज दिला होता. आकडा वाढला आणि ऊर्जा घटली, दोन्ही एकाच टाकीत. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, याचं याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

परदेशातल्या मंडळींसाठी एक सूचना. अमेरिकेत पंपावरचं 87 पाहून घाबरू नका. तिथे दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात, आपल्या मोजणीत ते साधारण 91-92 होतं. दुबईतला 'स्पेशल 95' मात्र आपल्याच मोजणीतला आहे.

जुनी गाडी घाटात चौथ्या गिअरमध्ये ओढताना खडखडू लागली, तर आधी गिअर उतरवा. इंजिनाचे कमी फेरे आणि जास्त भार ही नॉकिंगची आवडती स्थिती आहे. उतरवूनही आवाज राहिला तर कूलंट, स्पार्क प्लग आणि आतला कार्बन तपासून घ्या. साचलेला कार्बन तापून नॉकिंगला मदत करतो. तेही ठीक असेल, तर टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या, एकदा जास्त ऑक्टेनचं भरा आणि तोच घाट तशाच भारानं चढा. आवाज गेला तर कारण ऑक्टेनचं, नाही गेला तर गाडी मेकॅनिककडे न्या.