तैवानचं पोलीस कॉलेज वेगळं, पोलीस युनिव्हर्सिटी वेगळी

होउ यू-इ म्हणजे २०२४ ला तैवानच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले कुओमिंतांग पक्षाचे उमेदवार, पण त्याआधी २००६ ते २००८ ते तिथले पोलीसप्रमुख होते, आणि त्यांचं करिअर वाचताना दोन संस्थांची हमखास गल्लत होते.

तैवान पोलीस कॉलेज तैपेईत आहे, दोन वर्षांचा कोर्स, मग परीक्षा पास झालात की साधे पोलीस म्हणून ड्युटी सुरू. सेंट्रल पोलीस युनिव्हर्सिटी ताओयुआनला, तिथे चार वर्षं काढायची, वरची परीक्षा द्यायची आणि थेट अधिकारीच व्हायचं. बॅजवर एकाची सुरुवात एका पट्टीने, दुसऱ्याची दोन पट्ट्यांनी.

गोंधळ वाढतो कारण होउ १९८० ला पास झाले तेव्हा ह्याच युनिव्हर्सिटीला सेंट्रल पोलीस कॉलेज म्हणायचे, युनिव्हर्सिटी झाली ती १९९५ ला. त्यात च्याईतल्या पुत्झ गावात त्यांच्या घरी डुकराचं मटण विकायचा धंदा, त्यामुळे लोकांना वाटतं माणूस शिपायापासून वर आला. तसं नाहीये. घर साधं होतं हे खरंच, पण पोलिसात ते शिरले अधिकाऱ्यांच्या दारातून. १९९७ ला तैपेईत दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी प्रतिनिधीच्या घरात छेन चिन-शिंग ह्या फरार गुन्हेगाराने कुटुंबाला ओलीस धरलं तेव्हा बोलणी करायला आत गेले ते हेच, २००४ ला राष्ट्राध्यक्षांवर गोळीबार झाला तेव्हा गुन्हे तपास ब्युरोचे प्रमुखही हेच. कर्तृत्व मोठं आहे, त्यात वाद नाही, आणि २००८ ला ते ह्याच युनिव्हर्सिटीचे प्रमुख झाले.

पण दार कुठलं ह्याने किती फरक पडतो बघा. काही जण युनिव्हर्सिटीत न शिकता, बाहेरून येऊन तीच वरची परीक्षा पास व्हायचे, पण त्यांना ट्रेनिंगला पाठवायचे पोलीस कॉलेजात आणि मग अधिकारीपदाला तुम्ही पात्रच नाही म्हणायचे. परीक्षा एकच आणि पोस्ट खालची, हा सरळसरळ अन्याय होता! जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायाधीशांनी ७६० क्रमांकाच्या निर्णयात हे समानतेच्या विरुद्ध ठरवलं आणि सहा महिन्यांत दुरुस्त करा म्हणून सांगितलं.

एका पट्टीवरून दोनवर जायची वाट मात्र आधीपासून आहे, नोकरीतले पोलीस प्रवेश परीक्षा देऊन युनिव्हर्सिटीच्या दोन वर्षांच्या कोर्सला जाऊ शकतात, फक्त ड्युटी सांभाळून अभ्यास करावा लागतो आणि जागा मोजक्याच असतात.